ओताऱ्याचा तास

मुंबईत काळा घोडा नावाचा जो चौक आहे, तिथला मूळ घोडा विलायतेहून बोटीने आला होता. जोसेफ बोएम या शिल्पकाराने घडवलेला प्रिन्स ऑफ वेल्सचा, म्हणजे पुढच्या सातव्या एडवर्डचा, अश्वारूढ ब्राँझ पुतळा अल्बर्ट ससून यांच्या देणगीतून १८७९ साली तिथे बसला आणि १९६५ साली राणीच्या बागेत रवाना झाला. तो बसला तेव्हा सर जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून निघालेली जे. जे. कलाशाळा बावीस वर्षांची झाली होती. तिथे चित्र काढायला, मातीत रूप उठवायला, प्लास्टरचे साचे घ्यायला शिकवत होते. पण शहराला ब्राँझचा पुतळा हवा झाला की तो धक्क्यावर तयार उतरायचा. त्याच शहरात, कलाशाळेपासून चालत अर्ध्या तासावर, भुलेश्वर-काळबादेवीच्या बाजूला तांब्यापितळेची मोठी बाजारपेठ होती आणि देवादिकांच्या ओतीव मूर्ती दुकानांत मांडलेल्या असायच्या. फणसवाडीत आज उभे असलेले व्यंकटेश मंदिर दक्षिणेतल्या श्रीवैष्णव परंपरेतले. त्या परंपरेत गाभाऱ्यातली मूळ मूर्ती दगडाची आणि मिरवणुकीत निघणारी उत्सवमूर्ती पंचधातूची, मेणावरून ओतलेली असते. म्हणजे धातू ओतण्याची विद्या या देशात नव्हती असे कोणी म्हणू शकणार नाही. ती कलाशाळेच्या वर्गात नव्हती, एवढेच. प्रश्न असा आहे की दीडशे वर्षांनंतर ती तिथे कितपत आली, आणि आली नसेल तर बिघडले काय.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. शिल्पकला शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने शिक्षणाच्या काळात निदान एक काम मेणापासून पॅटिनापर्यंत, म्हणजे शेवटच्या रंगापर्यंत, स्वतः, कलाशाळेच्या आवारातल्या भट्टीवर ओतले पाहिजे. आणि ते त्याला शिकवायला ओतकामात हयात घालवलेला माणूस शिक्षक म्हणून उभा असला पाहिजे, हमाल किंवा मदतनीस म्हणून नव्हे. शिल्पकलेच्या पदवी अभ्यासक्रमांत धातूचे ओतकाम हा विषय सहसा असतोच. पण कागदावर विषय असणे आणि मुलाच्या हातात चिमटा असणे यांत फार अंतर आहे. प्रात्यक्षिक पाहिले, वहीत आकृती काढली, भित्तिशिल्पाचा वीतभर तुकडा ओतून घेतला, की विषय ‘झाला’ म्हणून मोजता येतो. मी बोलतो आहे ते अशा झालेल्या विषयाबद्दल नाही.

आधी हे पाहू की ओतकामात शिकण्यासारखे नेमके आहे काय. विद्यार्थ्याने मातीत माणसाचे डोके आणि खांदे घडवले, त्यावरून प्लास्टरचा किंवा रबराचा साचा घेतला, इथपर्यंत तो ओळखीच्या प्रदेशात असतो. पुढे साच्यात वितळलेले मेण ब्रशने आणि ओतून फिरवायचे, असे की आतून चार-पाच मिलिमीटरचा थर सगळीकडे सारखा बसेल. हा थर म्हणजेच उद्याचे ब्राँझ. इथे पहिला हिशेब येतो. साधारण माणसाच्या मापाच्या अर्धपुतळ्याचे पृष्ठफळ अर्धा चौरस मीटर धरले आणि जाडी पाच मिलिमीटर ठेवली, तर अडीच लिटर धातू लागतो, म्हणजे बावीस किलो. मेणाचा थर निष्काळजीपणे आठ मिलिमीटर झाला की पस्तीस किलो. तेरा किलो तांबे-कथील कुणालाही दिसणार नाही अशा जागी गेले. हा हिशेब फार जुना आहे. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराच्या नावावर असलेल्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातल्या ग्रंथात मेणाची मूर्ती आधी तोलायला सांगितली आहे, आणि मेणाच्या आठपट तांबे-पितळ, बारापट चांदी, सोळापट सोने असे प्रमाण दिले आहे. घनतेच्या आजच्या कोष्टकाशी ताडून पाहिले तर तांब्याचांदीचे आकडे फारसे लांब पडत नाहीत. राजाच्या ग्रंथात हे आले, कारण धातू तिजोरीतून मोजून द्यावा लागे. आजच्या विद्यार्थ्यालाही तो मोजूनच मिळायला हवा.

मेणाच्या कवचात मग गाभा भरायचा: प्लास्टर आणि विटांची भुकटी. मेण वितळून गेल्यावर हा गाभा बाहेरच्या साच्याच्या मधोमध लटकत राहायला हवा, म्हणून मेणातून आरपार खिळे ठोकायचे. मग मेणाच्याच काड्यांनी वाटा लावायच्या. ज्यातून धातू आत जाईल ते रनर, ज्यातून हवा बाहेर पडेल ते रायझर. चाळीत पाणी तिसऱ्या मजल्यावर चढायचे असेल तर पाइपाचा व्यास, वळण आणि हवा सुटायची तोटी हे सगळे जुळावे लागते, तसेच हे. फरक इतकाच की इथे पाणी अकराशे अंश सेल्सियसचे असते आणि दुसरा प्रयत्न नसतो. कानाची पाळी, नाकाचा शेंडा, हनुवटीखालची पोकळी, सुटी बटा: जिथे हवा अडकून बसेल ती प्रत्येक जागा विद्यार्थ्याला आता मातीच्या वेळी दिसली त्याहून वेगळी दिसू लागते. दोन वाटांनी आलेला धातू गालावर भेटणार असेल आणि भेटेपर्यंत थंडावणार असेल, तर तिथे सांधा उघडा राहतो. हे टाळायचे तर वाट कुठून काढायची, डोके उलटे ओतायचे की सुलटे, हे त्याला ठरवावे लागते.

सगळ्याभोवती पुन्हा प्लास्टर-सुरखीचा जाड साचा चढवून तो भट्टीत हळूहळू तापवतात. मेण निथळून जाते, उरलेसुरले जळते, आणि साच्यातला ओलावा जातो. या शेवटच्या गोष्टीत घाई केली तर काय होते हे पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात आहे: पाण्याची वाफ झाली की आकारमान सोळाशेपटीच्या घरात वाढते. ओल्या साच्यात पडलेला धातू बाहेर फेकला जातो. म्हणून दोन-तीन दिवस भट्टी जागती ठेवायची, साचा तापलेला असतानाच वाळूच्या खड्ड्यात पुरून चोहोबाजूंनी वाळू ठोकायची, आणि दुसरीकडे ग्रॅफाइटच्या मुशीत धातू ओतायच्या बेताला आणायचा. मुशीवरची मळी काढली की धातूचा चेहरा क्षणभर आरशासारखा होतो आणि पुन्हा त्यावर साय धरते. तेवढ्यात ओतायचे. दोन माणसे कडे धरून मूस उचलतात, तिसरा मळी अडवायला सळई आडवी धरतो, आणि धार एकदा सुरू झाली की ती रायझरच्या तोंडाशी धातू दिसेपर्यंत तुटता कामा नये. हे सगळे मिनिटभरातच आटोपते. त्या एका मिनिटामागे दोन-तीन आठवड्यांचे काम असते, आणि पुढे साचा फोडणे, रनर कापणे, खिळ्यांची भोके बुजवणे, छिन्नीने पृष्ठभाग पुन्हा जिवंत करणे, रसायनांनी रंग चढवणे असे आणखी काही आठवडे.

या कामाचा विचारावर काय परिणाम होतो, हा खरा मुद्दा. मातीत काम करणारा माणूस बेरीज करत जातो. जिथे कमी वाटेल तिथे गोळा लावतो. धातूत काम केलेला माणूस त्याच मातीकडे कवच म्हणून पाहू लागतो. पाच मिलिमीटरच्या भिंतीवर एवढा लांब हात अधांतरी राहील का, घोड्याच्या दोन पायांवर सगळा भार टाकायचा असेल तर आत पोलाद कुठून न्यायचे, सहा फुटांची आकृती थंड होताना इंचभर आखडते ते आधी धरायचे की नाही, हे प्रश्न त्याला मातीच्या पहिल्या दिवशी पडतात. मीरा मुखर्जी यांचे उदाहरण इथे फार बोलके आहे. म्युनिकच्या अकादमीत शिकून आलेल्या या शिल्पकर्त्रीने बस्तरच्या घडवा धातुकारागिरांकडून मेणाच्या दोऱ्यांनी मूर्ती गुंडाळण्याची रीत शिकून घेतली. पुढची त्यांची मोठमोठी ब्राँझ पाहिली की लक्षात येते, पृष्ठभागावरची ती रेघारेघांची हालचाल ओतकामातून आलेली आहे. मातीतून ती निघालीच नसती. आधी आकृती ठरली आणि मग ती धातूत उतरवली, असा क्रम तिथे लावताच येत नाही. देशभरच्या धातुकारागिरांवर त्यांनी लिहिलेला अभ्यासग्रंथही मानवशास्त्र सर्वेक्षणाने छापला, कलासंस्थेने नव्हे, हे जाता जाता नोंदवण्यासारखे आहे.

आता मुंबईकडे. जे. जे.चा आरंभीचा इतिहास वाचला तर असे दिसत नाही की संस्थेला हाताच्या कामाचे वावडे होते. उलट १८६५ साली तिथे तीन कार्यशाळा निघाल्या: सजावटी चित्रकामाची जॉन ग्रिफिथ्स यांच्याकडे, शिल्प-उठावकामाची जॉन लॉकवुड किपलिंग यांच्याकडे, आणि तिसरी चक्क घडीव लोखंडकामाची. पुढे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने १८९१च्या सुमारास हस्तव्यवसायांच्या कार्यशाळाही आल्या. याच शाळेत १८८५ साली लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकला शिकायला आले. रंगांधळेपणामुळे रंग सोडावे लागले, तेव्हा ते तिथेच यांत्रिक रेखाटनाकडे वळले, मग व्हीजेटीआयमध्ये शिकवू लागले आणि १९१० साली त्यांनी किर्लोस्करवाडी वसवली, जिथे लोखंड ओतून नांगर झाले. महाराष्ट्राच्या ओतकामाच्या इतिहासातले बहुधा सर्वांत मोठे नाव कलाशाळेच्या दारातून आत जाऊन यंत्रशाळेच्या दारातून बाहेर पडले, असे म्हणता येईल. पण तो माणूस गेल्यावर मधले दार बंदच झाले. कार्यशाळा म्हणजे कारागिरांची सोय आणि ‘ललितकला’ म्हणजे सुशिक्षितांचा मान, अशी विभागणी होत गेली. त्या विभागणीत विलायती वर्गभेद होता तसाच आपला जातिभेदही होता, हे मोकळेपणाने म्हणायला हवे. भट्टीपुढे बसणारे ओतारी, तांबट, कासार एकीकडे; मातीतून ‘भाव’ उठवणारे दुसरीकडे. इंग्रजांनी ही भिंत बांधली असेल, पण तिला गिलावा आपण घरचाच लावला.

या भिंतीची किंमत काय पडली, त्याची दोन उदाहरणे देतो. गणपतराव म्हात्रे जे. जे.त विद्यार्थी असताना, विशी गाठता गाठता, १८९६ साली त्यांनी ‘मंदिरपथगामिनी’ घडवली. पूजेला निघालेल्या मराठी स्त्रीची ती पूर्णाकृती. तोवर हिंदुस्थानी माणसाला उत्तम शिल्प जमत नाही असे लिहिणाऱ्या जॉर्ज बर्डवुडसारख्या जाणकारालाही तिने बोलते केले. ती आहे प्लास्टरची. प्लास्टर ओलाव्याने खचते, धक्क्याने उडते. शिल्पशाळेत ते मधल्या मुक्कामाचे साहित्य मानले जाते. आपल्या आधुनिक शिल्पकलेचा आरंभ जिथून सांगतात ते काम मधल्याच मुक्कामावर थांबलेले आहे. म्हात्र्यांना पुढे भरपूर कामे मिळाली, संगमरवर आणि ब्राँझ दोन्हींत त्यांचे पुतळे झाले. तरी विद्यार्थिदशेतल्या कामाला धातू मिळाला नाही, कारण विद्यार्थ्याने धातूपर्यंत जावे अशी व्यवस्थाच नव्हती.

दुसरे उदाहरण उलट बाजूचे आणि जास्त आनंदाचे. अलिबागजवळच्या सासवण्याचे विनायक पांडुरंग करमरकर, हेही जे. जे.चेच. पुण्यात १६ जून १९२८ रोजी ज्याचे अनावरण झाले तो शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांनी केला. साडेतेरा फूट उंचीचे हे ब्राँझ मुंबईत माझगावला, गोदीच्या भट्टीवर, एकसंध ओतले गेले. काळ्या घोड्यानंतर पन्नास वर्षांच्या आत अश्वारूढ पुतळा बोटीतून उतरवण्याची गरज संपली होती. ती कशाने संपली? शहरात गोदी होती, परळला रेल्वेचे कारखाने होते, भायखळ्याला लोखंडकामाचे मोठे कारखाने होते, गिरण्यांना सुटे भाग लागत होते. जहाजाच्या पंख्याचे गनमेटल ओतणारी माणसे आणि घोड्याचा स्नायू जाणणारा माणूस एका शहरात, चालत भेटता येईल अशा अंतरावर होते. करमरकरांची प्रतिभा मोठीच. पण ती माझगावच्या भट्टीपर्यंत पोचू शकली, हेही तितकेच मोठे. आज त्या भट्ट्यांपैकी फार थोड्या शहरात उरल्या आहेत. गिरणगावात मॉल आले, आणि ओतकाम कोल्हापूरच्या शिरोली-गोकुळ शिरगावसारख्या पट्ट्यांत गेले. जे आपोआप शेजारी होते, ते आता मुद्दाम शेजारी आणावे लागेल. कलाशाळेत भट्टी हवी म्हणतो ती यासाठी.

यावर पहिला आक्षेप सगळ्यात वजनदार आहे. रोदँने कधी मूस उचलली? त्याची ब्राँझ पॅरिसमधल्या व्यावसायिक ओतशाळांनी ओतली. अलेक्सिस रुदिए यांचे नाव तर त्याच्या कित्येक कामांवर कोरलेले आढळते. शिल्पकाराने रूप द्यावे, ओतणाऱ्याने ओतावे, संगीतकाराने वाद्य बनवायला बसू नये. हे खरे आहे, आणि मी कुठल्याही शिल्पकाराने आयुष्यभर स्वतःच ओतावे असे म्हणत नाही. पण रोदँ जिथून आला ते पाहायला हवे. बड्या कलाशाळेने त्याला प्रवेश नाकारला होता. तरुणपणची वर्षे त्याने सजावटी काम करणाऱ्या कार्यशाळांत मजुरीवर काढली. साचे, प्रती, जोडकाम यांची भाषा त्याच्या अंगात मुरलेली होती. शिवाय पॅरिसमध्ये ओतशाळा गल्लीआड होत्या. असा माणूस ओतणाऱ्याला काम देतो तेव्हा दोन जाणकार बोलत असतात. ज्याने कधीच ओतलेले नाही तो काम देतो तेव्हा तो फक्त बिल आणि तारीख यांविषयी बोलू शकतो. पृष्ठभागावर छिन्नी फिरवून कारागिराने त्याच्या बोटांचे ठसे गुळगुळीत करून टाकले, तरी हे ‘फिनिशिंग’ आहे की खून आहे हे त्याला सांगता येत नाही. एकदा ओतण्याचा उपयोग आयुष्यभर ओतण्यासाठी नसून आयुष्यभर नीट ओतून घेण्यासाठी आहे.

आणि तुलना करायचीच तर अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याशी करावी. मुंबई विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या अभियंत्यांना वर्कशॉप असते. सुतारकाम, फिटिंग, लोहारकाम यांच्यासोबत कित्येकांच्या वाट्याला वाळूच्या साच्याचे ओतकामही येते. त्यातली मुले पुढे संगणकापुढे बसणार आहेत हे सगळ्यांना ठाऊक असते, तरी तो तास कोणी काढून टाकत नाही. जो आयुष्यात कधी धातूला हात लावणार नाही त्याला साचा भरायला लावायचा, आणि ज्याच्या नावावर उद्या चौकात तीन टन ब्राँझ उभे राहणार त्याला प्रात्यक्षिक दुरून दाखवायचे, हा हिशेब कुठल्या शिक्षणशास्त्रात बसतो?

खर्चाचा आक्षेप मला तितका टिकाऊ वाटत नाही. तांबे महाग आहे, कथील त्याहून महाग, हे कबूल. पण कलाशाळेतल्या सगळ्या साहित्यात पुन्हा वापरता येणारे असे हेच. फसलेले प्लास्टर कचऱ्यात जाते, फायबर तर कचऱ्यातूनही जात नाही. फसलेले ओतकाम तोडून पुन्हा मुशीत टाकता येते. कापलेले रनर-रायझर, जे कधीकधी मूळ कामाइतक्या वजनाचे असतात, तेही परत भट्टीत जातात. मुलाला वर्षाला वीस किलो धातू द्यायचा तर तो उसना द्यावा. आवडले तर विकत घ्यावे, नाही तर वितळवून पुढच्याला. मुंबईला गनमेटलच्या भंगाराची उणीव नाही. रे रोडच्या दारूखान्यात जुन्या जहाजांचे धातू कित्येक वर्षे विकले जात आहेत. अर्थात भंगारातल्या मिश्रधातूत काय आहे हे तपासूनच घ्यावे लागेल: जस्त जास्त असले तर त्याच्या धुरातून ताप येतो, शिसे असले तर त्याहून वाईट.

इथे सुरक्षिततेचा प्रश्न येतो, आणि तो झटकून टाकता येणार नाही. भर फोर्टात, पुरातन वारशाच्या इमारतींमध्ये, वीस वर्षांच्या मुलांच्या हाती अकराशे अंशांची मूस द्यायची? प्राचार्यांच्या जागी कोणीही असले तरी हात आखडेलच. पण धोके कोणते ते नावानिशी माहीत आहेत, आणि ते सगळे आवरता येतात: ओला साचा, कृत्रिम धाग्याचे कपडे, उघडे पाय, सुरखी-प्लास्टरची नाकात जाणारी बारीक धूळ, जळत्या मेणाचा धूर. मेण वाफेने काढले तर धूर जवळपास टळतो आणि मेणही परत मिळते. विजेच्या इंडक्शन भट्टीला कोळसा लागत नाही. चामड्याचा एप्रन, चेहऱ्यावर ढाल, पायात बूट, कोरडी वाळू, आणि ओतताना बोलणारा एकच माणूस, एवढी शिस्त लावता येत नसेल तर ती संस्था रसायनांनी एचिंग तरी कशी शिकवते? खरे तर धोका आहे म्हणूनच हे शाळेत शिकवायला हवे. बाहेर शिकणारा मुलगा ते चप्पल घालून शिकतो.

तिसरा आक्षेप ताजा आहे: आता थ्रीडी स्कॅन आणि छपाई आली, तर हा सगळा घाम कशाला? यात गंमत अशी की नव्या यंत्राने ज्याची गरज कमी केली ते मातीकाम आहे, ओतकाम नव्हे. संगणकात घडवलेली आकृती जळून जाणाऱ्या प्लास्टिकमध्ये किंवा मेणात छापता येते. पण तिला ब्राँझ करायचे तर रनर लावावेच लागतात, साचा तापवावाच लागतो, आणि हवा पूर्वी जिथे अडकायची तिथेच अडकते. यंत्राचा धाक घेऊन काही वगळायचेच असेल तर क्ले मॉडेलिंग वगळा, असे कोणी म्हणत नाही. म्हणूही नये. मग मुशीवरच संक्रांत का?

आता सगळ्यात अवघड उदाहरण. मालवणच्या राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावरण झालेला शिवाजी महाराजांचा ३५ फुटी पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. नऊ महिनेही पुरे झाले नव्हते. चौकशी समितीच्या निष्कर्षांविषयी जे प्रसिद्ध झाले त्यात गंज, आतल्या सांगाड्याची सदोष रचना आणि चुकीचे वेल्डिंग यांचा उल्लेख होता. त्यानंतरची चर्चा बहुतेक राजकारणाची आणि थोडी चेहरेपट्टीची झाली. माझ्या मुद्द्यापुरते त्यातले महत्त्वाचे एवढेच की सांगितलेली कारणे मातीकामातली नव्हती. समुद्रकाठच्या खाऱ्या वाऱ्यात ब्राँझ आणि पोलाद एकमेकांना चिकटून ठेवले तर पोलाद आधी खाल्ले जाते, जोडाची भरणी मूळ धातूशी जुळावी लागते, पोकळ अंगात साचणारे पाणी बाहेर काढावे लागते. हे धातूचे ज्ञान आहे. यावर कोणी म्हणेल, कॉलेजात एक अर्धपुतळा ओतलेल्या मुलाला तरी ३५ फुटी पुतळ्याची स्थापत्यरचना कळणार आहे का? नाही कळणार. पण आपल्याला कळत नाही, हे त्याला कळेल. कुठल्या टप्प्यावर थांबून संरचना अभियंत्याकडे जायचे, आणि तीन वर्षांचे काम सहा महिन्यांत मागणाऱ्या अधिकाऱ्याला कुठल्या कारणाने नकार द्यायचा, हे सांगण्याइतकी भाषा त्याच्याजवळ असेल. मुदतीच्या रेट्यापुढे कलाकार गप्प बसतो, त्यामागे पैशाची गरज असते हे खरे. पण मूस किती वेळात थंड होते हे ज्याने पाहिलेले नाही, त्याला नकाराचा मुद्दाही सुचत नाही.

दुसऱ्या टोकाला ‘स्टॅच्यू ऑफ युनिटी’ आहे. धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे, जे. जे.त शिकलेले राम सुतार यांच्या हातची ती आकृती. उंची १८२ मीटर, लोकार्पण ऑक्टोबर २०१८. सुतारांची स्वतःची ओतशाळा होती, धातू त्यांना परका नव्हता. तरी त्या पुतळ्यावरचे ब्राँझचे पत्रे चीनमधल्या नानचांगच्या कारखान्यात ओतून आणावे लागले, कारण तेवढ्या आवाक्याची सोय आपल्याकडे नव्हती. घोडा पुन्हा बोटीतून उतरला. यात कोणा एकाचा दोष नाही, आणि एका कलाशाळेतल्या पन्नास किलोच्या भट्टीने तो आवाका आला असता असेही नाही. पण मोठा आवाका लहान भट्ट्यांतून शिकलेल्या माणसांवरच उभा राहतो. बडोद्याच्या ललितकला शाखेत शंखो चौधुरींच्या काळापासून विद्यार्थी स्वतः ओतत आले, आणि देशातल्या धातुशिल्पाच्या पुढच्या कित्येक नावांचा माग काढत गेले की माणूस बडोद्याला पोचतो. तिथे काही वेगळी प्रतिभा पिकते असे मानायला आधार नाही. भट्टी होती.

उरतो शिक्षकाचा प्रश्न, आणि माझ्या मते अडते ते इथेच. भट्टी अनुदानातून विकत घेता येते. पण तिच्यापुढे उभा राहणारा माणूस बहुधा पदवीधर नसतो. मेणात राळ किती घालायची हे त्याला ऋतूप्रमाणे माहीत असते, ज्वाळेचा रंग पाहून तो धातूची वेळ सांगतो, आणि पेपर काढता येत नाही म्हणून तो ‘अधिव्याख्याता’ होऊ शकत नाही. त्याला रोजंदारीवर बोलावतात. तो शिकवतो, आणि गुण दुसरा कोणी देतो. विद्यार्थी हे सगळे पाहत असतो आणि ओतकामाची पायरी कोणती ते बरोबर ओळखतो. आता मात्र नियमांची सबब पूर्वीइतकी चालणार नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ची तरतूद केली; दीर्घ व्यावसायिक अनुभव असलेल्या माणसाला औपचारिक पदवीची अट न लावता, मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपर्यंत नेमता येते. पाठोपाठ २०२३ साली स्थानिक कलावंत आणि कारागिरांना उच्च शिक्षणसंस्थांत निवासी म्हणून घेण्याची मार्गदर्शक तत्त्वेही आली. जे. जे. त्याच वर्षी अभिमत विद्यापीठ झाले, म्हणजे अभ्यासक्रम स्वतः आखायला मोकळे झाले. या तिन्ही गोष्टी एकाच टेबलावर ठेवल्या तर पहिली नेमणूक कोणाची करायची यावर फार मोठी समिती बसवायला नको.

अशा माणसाचा पहिला तास भट्टीपासून सुरू होणार नाही, हेही त्या समितीने समजून घ्यावे. तो आधी मुलांना सुरखी चाळायला लावील. चाळणीचे भोक किती बारीक, भुकटीत ओल आहे का हे मुठीत दाबून कसे ओळखायचे, प्लास्टरचे प्रमाण पावसाळ्यात किती बदलायचे, यातच त्याचे पहिले पंधरा दिवस जातील, आणि तेवढ्यात कोणीतरी विद्यार्थी तक्रार करील की आम्ही इथे कला शिकायला आलो आहोत. त्या तक्रारीवर खुलासा ओताऱ्याकडे मागू नये. तो विभागप्रमुखांनी द्यावा, आणि तेवढा वेळ चाळणी आपल्या हातात घेऊन द्यावा.